दाहाचा हुकूम

पटकी आणि रक्ती आव ही दोन्ही दुखणी दूषित अन्नपाण्यातूनच येतात, दोन्हींत रोगी अंथरुणाला खिळतो आणि घरची माणसे हवालदिल होतात. परंतु दोन्हींतील रोग्यांच्या आतड्याचे तुकडे शेजारी शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली मांडले, तर ही एकाच अवयवाची दुखणी असावीत यावर पाहणाऱ्याचा चटकन विश्वास बसणार नाही. पटकीत आतड्याचे अस्तर सोलून निघते असा समज एकोणिसाव्या शतकातील वैद्यकात रूढ झाला आणि पुढेही बराच काळ टिकून राहिला. बँकॉकच्या साथीतील जिवंत रोग्यांच्या आतड्यांतून काढलेल्या तुकड्यांची तपासणी १९६० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे तो निराधार ठरला. अस्तर जवळजवळ जसेच्या तसे शाबूत होते. आदल्याच वर्षी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी, जंतू गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाण्याचा लोंढा सुटतो, असे दाखवून पटकीचे सारे मर्म एका विषात आहे हे सिद्ध केले होते. आवेची गोष्ट निराळी. तेथे अस्तराला खिंडारे पडलेली असतात, खालच्या थरातील रक्तवाहिन्या तटतटून फुगलेल्या असतात, पांढऱ्या पेशींचे थवेच्या थवे उतरलेले असतात, आणि शौचाच्या तपासणीच्या कागदावर ‘पू-पेशी’ या रकान्यापुढे मोठा आकडा पडतो. म्हणजे पटकीत पाणी वाहते आणि आवेत आतडे पेटते. आणि जेथे पेटते तेथे, पेटण्याचा हुकूम मुळात कोणी काढला, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर पूर्वी सोपे वाटत असे. दाह हे पांढऱ्या पेशींचे काम, आणि आतड्याचे अस्तर म्हणजे अन्नरस शोषून घेणारी व बाहेरच्याला आत येऊ न देणारी एक मुकी भिंत, अशी वाटणी ठरून गेली होती. भिंत पडली की शिपाई धावून येतात, एवढाच काय तो दोहोंचा संबंध. गेल्या तीस-चाळीस वर्षांतील संशोधनाने ही वाटणी पुरती मोडीत काढली आहे. वर्दी देणारे, शिपायांना हाक मारणारे, ते कोणत्या वाटेने यावेत हे ठरवणारे आणि प्रसंग पडल्यास स्वतः प्राण देणारे ते अस्तरच असते, असे आता निःसंशय म्हणता येते.

हे अस्तर किती नाजूक आहे, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. घड्या, उंचवटे आणि सूक्ष्म केसाळपणा उलगडून मांडला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर भरते, आणि एवढ्या विस्तारात बाहेरचे जग व आपले रक्त यांच्यामध्ये पेशींचा फक्त एक थर असतो. त्यातील प्रत्येक पेशी जेमतेम चार-पाच दिवसांची धनीण असते, खोल खाचेच्या तळाशी जन्म घेऊन हळूहळू वर सरकत जाते आणि टोकाला पोहोचली की गळून पडते. या थरावर बुळबुळीत श्लेष्म्याचे पांघरूण असते (आतडे बिघडले की ‘आव’ म्हणून आपण जी पाहतो, ती याचीच भडकलेली आवृत्ती), आणि त्या पांघरुणापलीकडे, विशेषतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची एवढी दाट वस्ती असते की एका माणसाच्या देहात त्यांची संख्या ३८ लाख कोटींच्या घरात जाते. अशा शेजारात राहून हे अस्तर सदासर्वकाळ शांत असते. आतड्याच्या दाहाविषयी लिहिताना दाहाचे आश्चर्य सगळेच करतात. खरे नवल या शांततेचे आहे. कारण जंतू दिसला की हाकाटी, असा नियम असता तर मनुष्य जन्मल्यापासून आठवड्याच्या आत आतडे जळून मेला असता.

तेव्हा अस्तराला दोषी कसा ओळखू येतो? येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सज्जन जिवाणू आणि दुर्जन जिवाणू यांची अंगे बव्हंशी एकाच मालाची घडलेली असतात. तेच भिंतीचे स्निग्ध पदार्थ, तेच चाबकासारख्या शेपटीतील फ्लॅजेलिन नावाचे प्रथिन. चेहऱ्यावरून निवाडा करणे अशक्यप्राय. म्हणून अस्तर चेहरा पाहतच नाही, जागा पाहते. ओसरीवर कोणी अनोळखी मनुष्य येऊन टेकला तर घरातले त्याला पाणी विचारतात, तोच मनुष्य माजघरात उभा दिसला तर आरडाओरडा होतो आणि कोठीच्या खोलीत सापडला तर त्याला बांधून घालतात. मनुष्य मात्र तिन्ही ठिकाणी एकच असतो. पेशीचा हा न्याय प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहण्यासाठी एखादा पक्का घुसखोर समोर हवा, आणि तो मान निर्विवादपणे साल्मोनेला या जंतूचा आहे.

या जंतूच्या नावाचीही एक गंमत आहे. १८८५ साली अमेरिकेत आजारी डुकरांतून तो प्रथम वेगळा काढला तो थिओबाल्ड स्मिथ या तरुण संशोधकाने. पण खात्याचे प्रमुख होते डॅनियल साल्मन, आणि पुढे जंतूला नाव पडले ते साहेबांचे. कचेऱ्यांचा कारभार सर्वत्र सारखाच. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, जर्मनीतील फ्रांकेनहाउझेन गावात एका आजारी गाईचे मांस विकले गेले, ते खाऊन पन्नासांहून अधिक माणसे आजारी पडली, आणि ज्याने ते कच्चेच भरपूर खाल्ले होते असा एक तरुण दगावला. औगुस्ट गेर्टनर यांनी त्या मांसातून आणि त्या तरुणाच्या देहातून एकच जंतू काढून दाखवला व अन्नातून जंतू येऊन आतडे पेटवतो, ही गोष्ट पुराव्यानिशी दप्तरी लागली. १९५३ च्या उन्हाळ्यात स्वीडनमधील आल्वेस्ता येथील एका कत्तलखान्यातून निघालेल्या मांसाने सुमारे ९,००० लोकांना आजारी पाडले आणि ९० च्या आसपास बळी घेतले. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर जेव्हा गावच्या गाव जुलाबांनी बेजार होते, तेव्हा जे अनेक जंतू संशयित म्हणून उभे केले जातात त्यांत हाही असतो. आणि तो गिळल्यापासून पोटात मुरडा सुरू होईपर्यंत बहुधा १२ ते ३६ तास जातात, त्यामुळे शेवटच्या घासाला लावलेला दोष पुष्कळदा निरपराध पदार्थाच्या माथी जातो.

आता या जंतूची करणी जवळून पाहू. जठरातील आम्लातून जे जंतू बचावतात, ते शेपट्यांच्या जोरावर श्लेष्मा कापीत अस्तराला येऊन भिडतात. १९६७ मध्ये अकियो ताकेउची यांनी गिनीपिगच्या आतड्यावर हा प्रसंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपला: जंतू जवळ येताच पेशीच्या माथ्यावरील सूक्ष्म केसांची दाट, समांतर ओळ तेवढ्याच जागी वितळल्यासारखी विस्कटते, पेशीचे अंग फुगवटा धरते आणि जंतू अलगद आत घेतला जातो, पुढे तीच ओळ पुन्हा पूर्ववत उभी राहते. हे कसे घडते ते कळायला आणखी तीस वर्षे लागली. जंतूच्या अंगावर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही आखूड अशा पोकळ सुया असतात, आणि १९९८ साली होर्हे गालान, शिन-इची आइझावा आणि त्यांचे सहकारी यांनी त्या सुया जंतूपासून सुट्या करून त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. बुडाशी रुंद कडी, वर बारीक नळी, अशी ती चीज आहे. या सुईतून जंतू आपली प्रथिने थेट पेशीच्या पोटात टोचतो. त्यांपैकी सोप-ई व तिच्या जोडीची प्रथिने पेशीच्या आतील सांगाडा हलवणाऱ्या कळा दाबतात, त्यासरशी पेशीचे आवरण लाटांसारखे उसळून जंतूला कवेत घेते. आणि काम उरकल्यावर एसपीटी-पी नावाचे दुसरे प्रथिन त्याच कळा पूर्ववत करते. चोर आत शिरल्यावर कडी लावून घेतो, एवढी ही सफाई.

पण एवढ्या सफाईनेही बोभाटा टळत नाही, कारण पेशीने तीन ठिकाणी पहारे बसवलेले असतात. पहिला पहारा त्या कळांवरच असतो. त्या नेहमीपेक्षा फार जोराने दाबल्या गेल्या की कोणी दाबल्या याची चौकशी न करता पेशी सावध होते. दुसरा पहारा फ्लॅजेलिनचा. हे प्रथिन ओळखणारा टीएलआर-५ हा ग्राहक २००१ मध्ये सापडला, आणि त्याच वर्षी अँड्र्यू गेवर्ट्झ व सहकाऱ्यांनी दाखवले की मोठ्या आतड्याच्या पेशींवर हा ग्राहक आतड्याच्या पोकळीकडील माथ्यावर नसून रक्ताकडील बुडाशी असतो. बाहेरच्या पोकळीत कोट्यवधी शेपट्या वळवळत असल्या तरी त्यांची दखल घेतली जात नाही. एक शेपटी अस्तराखाली सापडली की हुकूम सुटतो. तिसरा पहारा थेट पेशीच्या रसात असतो, आणि त्याच्या कडक शिस्तीचे वर्णन पुढे यायचे आहे.

पहिल्या दोन पहाऱ्यांची वर्दी ज्याच्याकडे जाते तो एनएफ-कप्पा-बी नावाचा प्रथिनसंच आहे. १९८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असताना रंजन सेन यांनी तो शोधला, आणि शोधला तो भलत्याच संदर्भात, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींत. तो जवळजवळ प्रत्येक पेशीत दाहाचा कारभारी म्हणून बसलेला आहे हे मागाहून उमगले. एरवी तो पेशीच्या रसात दुसऱ्या एका प्रथिनाच्या बेडीत जखडलेला असतो. वर्दी येताच काही मिनिटांत ती बेडी मोडून टाकली जाते, तो पेशीकेंद्रात शिरतो, आणि दाहाच्या हुकमांची एक अख्खी यादी त्याच्या सहीने बाहेर पडते. त्या यादीत अग्रभागी असते इंटरल्यूकिन-८, म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना हाक मारणारा निरोप. जंतू आत शिरल्यावर मानवी आतड्याच्या पेशी स्वतःच हा निरोप धाडतात, असे मार्टिन केग्नॉफ यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले.

त्याच वर्षी बोस्टनमध्ये बेथ मॅकॉर्मिक आणि जेम्स मदारा यांनी केलेला प्रयोग मला या सर्व कथेत सर्वांत सुबक वाटतो. त्यांनी मोठ्या आतड्याच्या पेशींचा एकेरी थर सच्छिद्र पडद्यावर वाढवला, त्याच्या पोकळीकडील बाजूस साल्मोनेला सोडले आणि रक्ताकडील बाजूस माणसाच्या रक्तातून काढलेले न्यूट्रोफिल ठेवले. दोघांच्या मध्ये पेशींची अखंड भिंत. एकाला दुसरा दिसण्याचा संभव नाही. तरीही न्यूट्रोफिल त्या पेशींच्या फटींतून वाट काढीत पलीकडे उतरले. जंतू न्यूट्रोफिलांना बोलावीत नव्हते, पेशी बोलावीत होत्या. पुढे एक कोडे उरले, ते असे की इंटरल्यूकिन-८ हा निरोप पेशी आपल्या बुडाकडे सोडते, त्यामुळे न्यूट्रोफिल रक्तातून अस्तराच्या पायथ्यापर्यंत येतात हे समजते. पण तेथून पार पोकळीत त्यांना कोण ओढून नेतो? २००४ मध्ये उत्तर मिळाले. पेशी आपल्याच स्निग्ध द्रव्यांतून हेपॉक्सिलिन ए-३ नावाचा एक अल्पजीवी पदार्थ बनवून माथ्याकडे सोडते आणि पायथ्याशी जमलेले न्यूट्रोफिल त्याच्या मागे पलीकडे जातात. एक हुकूम पायथ्यापर्यंत आणणारा, दुसरा तेथून सीमेपार नेणारा. तपासणीच्या कागदावरील पू-पेशी म्हणजे हे दोन्ही हुकूम बजावून मेलेले न्यूट्रोफिल होत. त्यांच्यातून झिरपलेले कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात मोजून, रोग्याच्या आतड्यात दाह आहे की आतडे नुसतेच चिडखोर आहे, हा निवाडा करण्याची चाचणी आता शहरांतील प्रयोगशाळांत सहज होते.

तिसऱ्या पहाऱ्याची शिस्त अशी की तेथे दंड सुनावला जातो तो पेशीलाच. जंतूच्या सुईतून चुकून फ्लॅजेलिनचा किंवा सुईच्याच प्रथिनाचा अंश पेशीच्या रसात सांडला, तर एनएआयपी नावाची प्रथिने तो पकडतात, एनएलआरसी-४ या जोडीदाराला भोवती गोळा करून चक्रासारखी एक मांडणी उभारतात, आणि त्या चक्रातून कॅस्पेज-१ हे विकर मोकळे सुटते. हे विकर गॅस्डर्मिन-डी या प्रथिनाचा तुकडा पाडते आणि ते तुकडे पेशीच्या आवरणाला भोके पाडतात. पेशी मरते; परंतु जागीच कोसळत नाही, कारण तसे झाले तर भिंतीत भगदाड पडेल. शेजारच्या पेशी तिला तळापासून आवळत आणतात, वर उचलतात आणि जंतूसकट आतड्याच्या पोकळीत ढकलून देतात, आणि ती निघून जाते न जाते तोच आपापली अंगे जुळवून फट बुजवून टाकतात. झुरिकमधील वोल्फ-डीट्रिख हार्ट यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदरांत हा प्रकार दाखवला: ज्या उंदरांच्या अस्तरात ही प्रथिने नव्हती, त्यांच्या अस्तरात जंतूंची संख्या कितीतरी पटींनी वाढली. मानवी आतड्यात हे काम मुख्यत्वे कॅस्पेज-४ हे भावंड करते, एवढा फरक. बाहेर पडता पडता ही पेशी इंटरल्यूकिन-१८ आणि प्रोस्टाग्लँडिन सोडते. प्रोस्टाग्लँडिनांमुळे आतड्यात पाणी सुटते, आणि रोगी ज्याला शिव्या देतो त्या जुलाबांचा काही भाग या धुऊन काढण्याच्या व्यवस्थेतून येतो.

येथवर कथा सरळ आहे. चोर शिरला, पकडला गेला, मार खाऊन बाहेर पडला. परंतु साल्मोनेलाच्या बाबतीत एक गोष्ट कायम खटकत असे: ज्याची सुई मुद्दाम मोडली आहे असा जंतू, जो दाह पेटवू शकत नाही, तो आतड्यात सुखाने नांदायला हवा होता, प्रत्यक्षात तो मागे पडतो आणि मूळच्या रहिवासी जिवाणूंपुढे त्याची डाळ शिजत नाही. दाह ज्याला हाकलण्यासाठी आहे त्यालाच तो हवाहवासा असतो की काय? २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे सेबॅस्टियन विंटर आणि आंद्रेआस बॉइमलर यांनी या संशयाचे रसायन उलगडले. आतड्यातील रहिवासी जिवाणू कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडतात; अस्तराच्या पेशी त्याचे रूपांतर निरुपद्रवी थायोसल्फेटात करून टाकतात. एरवी प्रकरण येथे मिटते. दाह पेटला की मात्र न्यूट्रोफिल जंतूंवर जो प्राणवायूचा जहाल मारा करतात, त्याने थायोसल्फेटाचे टेट्राथायोनेट बनते, आणि प्राणवायूवाचून गुदमरलेल्या त्या जागेत टेट्राथायोनेटावर श्वास घेण्याची विद्या साल्मोनेलाला अवगत आहे, बहुतेक रहिवाशांना नाही. आग लागलेल्या घरात एकटा तोच ताठ उभा राहतो.

वाचताना सर्वांत मौज वाटते ती याच्या पुढच्या गोष्टीची. ज्या प्रयोगशाळांत शौचातून साल्मोनेला शोधून काढायचा असतो, तेथे १९२३ पासून टेट्राथायोनेट घातलेले सार वापरले जाते. त्यात इतर जंतू माघार घेतात आणि साल्मोनेला फोफावतो, एवढे अनुभवाने ठाऊक होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या तंत्रज्ञ ते सार बिनतक्रार शिजवीत आले. हेच सार दाह पेटलेले आतडे जंतूसाठी आपल्या हाताने शिजवीत असते, हे कळायला ८७ वर्षे जावी लागली.

या प्रकाशात विषमज्वराचे वागणेही नीट समजते. विषमज्वराचा जंतू हा साल्मोनेलाचाच सख्खा भाऊबंद; पण त्याच्या रोग्याला पहिल्या दिवसांत जुलाब नसतात, कित्येकांना उलट मलावरोध असतो, ताप मात्र पायरी-पायरीने चढत जातो. मॅकॉर्मिक यांनी १९९५ मध्ये आपल्या त्याच पडद्यावर निरनिराळे साल्मोनेला तपासले, तेव्हा माणसात जुलाब घडवणाऱ्या जातींनीच न्यूट्रोफिलांना पलीकडे ओढले. विषमज्वराच्या जंतूने नाही. याच्या अंगावर ‘व्हीआय’ नावाचे एक साखरेचे वेष्टन असते, आणि अस्तरात शिरताना तो शेपटीचे उत्पादनही आवरते घेतो, म्हणजे पहारेकरी ज्या खुणांची वाट पाहत असतात त्या त्याने आधीच झाकलेल्या असतात. वर्दी जात नाही, दाह पेटत नाही, आणि तो बिनबोभाट यकृत-प्लीहेपर्यंत पोहोचतो. आतड्याचा दाह ही केवढी मोठी अडवणूक आहे, हे तो टाळणाऱ्याच्या यशावरून कळते. ज्या वेष्टनाने तो अस्तराला चकवतो, तेच वेष्टन लस बनवणाऱ्यांनी हेरले. धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाशी त्याची जोड देऊन तयार केलेली लस २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने आपल्या मुलांना सार्वजनिक मोहिमेतून टोचली, आणि या नव्या लसीचा सरकारी पातळीवर असा वापर करण्यात ती जगात पहिल्यांपैकी होती.

राहता राहिला रहिवासी जिवाणूंचा प्रश्न, ज्यांना या हकिकतीत आतापर्यंत फारसे कोणी विचारलेले नाही. १९५४ साली शिकागोत मार्जोरी बॉनहॉफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना तोंडावाटे साल्मोनेला दिले, तेव्हा निम्म्या उंदरांना लागण होण्यास एक लाखाहून अधिक जंतू लागले. त्याआधी स्ट्रेप्टोमायसिनचा एकच डोस दिला, तर दहा जंतूही पुरेसे झाले. औषधाने साल्मोनेलाची वाट अडवणारी जुनी वस्तीच उठवली होती. आज आतड्याच्या दाहावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत उंदरांना आधी हेच औषध पाजण्याचा रिवाज आहे, कारण त्यावाचून उंदराचे आतडे या जंतूला दादच देत नाही. आणि जुलाब लागताच घरातल्या डब्यात उरलेल्या जंतुनाशक गोळ्या घेण्याची आपल्याकडील चाल का घातक, याचे कारणही येथेच आहे. धडधाकट प्रौढाच्या साध्या साल्मोनेला-जुलाबांत या गोळ्यांनी दुखण्याचे दिवस कमी होत नाहीत, मात्र जंतू शौचातून पडत राहण्याचा काळ वाढतो; तान्ही मुले, वृद्ध, क्षीण प्रतिकारशक्तीचे रोगी आणि ज्यांच्या रक्तात जंतू उतरला आहे असे रोगी यांची गोष्ट वेगळी, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. ताप आणि रक्त असताना जुलाब एकाएकी बांधून टाकणारी गोळी तर त्याहून वाईट, कारण अस्तराने आपल्याच पेशी खर्ची घालून जे बाहेर ढकलले, ते ती आतच कोंडून ठेवते. तेव्हा तपासून झाल्यावर डॉक्टरांनी क्षारसंजीवनीची पाकिटे तेवढी हाती दिली आणि ‘दोन दिवसांनी दाखवा’ म्हणून सांगितले, तर रोग्याच्या नातेवाइकांनी औषध लिहून दिले नाही म्हणून कुरकुर करीत दुसरा दवाखाना गाठण्याचे कारण नाही.